बेटावरचा एक हेक्टर: मोजणी कशी करतात आणि ती कुठे फसते

जलाशयातलं बेट म्हणजे मुळात टेकडीचा माथा. धरण झालं, खालच्या बांध्या, पांदणी, कधी अख्खं गाव पाण्याखाली गेलं आणि माथा तेवढा वर राहिला. तोतलाडोहात असे माथे आहेत, पूर्व विदर्भातल्या इतर धरणांतही आहेत. आम्ही ज्या बेटावर झाडांची मोजणी करतो ते संरक्षित क्षेत्रात येतं. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्याच्या खडकाळ टोकावर नदी सुरय पक्षी अंडी घालतात आणि अशी जागा कळली की उन्हाळ्यात कॅमेरेवाल्यांच्या होड्या तिथे लागतात.

काठावर तेवढंच जंगल असताना अशा तुकड्याचा अभ्यास कशाला, असं लोक विचारतात. काठावरच्या जंगलात एखादं रोपटं दिसेनासं झालं तर ते गुरांनी खाल्लं, वणव्यात जळलं, कुऱ्हाडीने गेलं की पाण्याअभावी वाळलं, हे सांगता येत नाही, कारण सगळी कारणं एकाच वेळी हजर असतात. बेटावर त्यातली दोन-तीन वजा होतात. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली आणि १९१३-१४ च्या सुमारास गाटून जलाशय भरला, तेव्हा बॅरो कोलोरॅडो नावाची टेकडी बेट झाली. १९२३ साली ती राखीव केली गेली. पुढे तिथे ५० हेक्टरांचा चौकोन आखून १ सेंमी व्यासापासूनचं प्रत्येक झाड मोजलं, त्याला क्रमांक दिला आणि साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा मोजलं. पहिली फेरी १९८२ पर्यंत पूर्ण झाली आणि लगेच १९८२-८३ चा मोठा दुष्काळ आला. आधीची मोजणी हातात होती म्हणूनच कोणती झाडं त्या दुष्काळात जास्त मेली हे कळलं. आपल्या हवामानाला जवळचा दाखला तमिळनाडूतल्या मुदुमलाईचा. तो बेट नाही, पण तिथेही १९८८ पासून ५० हेक्टरांचा असाच चौकोन आहे, आणि तिथलं जंगल आपल्यासारखं पानगळीचं, वणव्याचं आहे. आमचा चौकोन एक हेक्टरचा. शिस्त मात्र तीच लागते.

सगळ्यात आधी तपासायचं ते पाणी. नकाशावर बेट दिसतं, पण तो नकाशा कोणत्या महिन्याचा आहे? आपल्याकडची धरणं ऑक्टोबरात भरलेली आणि मेअखेर तळाला गेलेली असतात. उतार शंभराला एक असेल तर पाणी एक मीटर उतरताच शंभर मीटर जमीन उघडी पडते. मग बेट आणि काठ यांच्यामध्ये चिखलाची पट्टी तयार होते, आठवड्यात ती वाळते आणि गुरं, रानडुकरं, मोहफूल वेचणारी माणसं चालत बेटावर येतात. त्या वर्षी काठावर वणवा लागला तर तोही वाळलेल्या गवतावरून येतो. म्हणून पाटबंधारे विभागाकडे रोजच्या पाणीपातळीची जी नोंदवही असते, तिच्या मागच्या दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी मिळवाव्यात आणि कोणत्या पातळीला बेट काठाला जोडलं जातं ते एकदा प्रत्यक्ष जाऊन ठरवावं. आम्ही बेटाला काठाशी जोडणाऱ्या अरुंद गळ्याच्या सर्वात उंच बिंदूवर लोखंडी सळई ठोकली आणि तिथे पाणी टेकलं त्या दिवशी धरणावरची पातळी काय होती ते लिहून घेतलं. त्यानंतर दर वर्षी बेट किती दिवस खरं बेट होतं, हे नोंदवहीवरून घरबसल्या काढता येतं. हा एक आकडा नसेल तर बाकीच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ लावणं अवघड होतं.

पाणी सगळ्यांना सारखं अडवत नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं. सांबर, चितळ, रानडुक्कर पोहतात, वाघही पोहतो. वटवाघळं आणि बुलबुल फळं खाऊन बिया घेऊन येतात. अडतात ते छोटे सस्तन प्राणी, बरेचसे कीटक, आणि जड बिया. व्हेनेझुएलातल्या ग्युरी जलाशयाच्या छोट्या बेटांवर शिकारी प्राणी उरले नाहीत, तेव्हा पानं कापणाऱ्या मुंग्या, इग्वाना, माकडं, उंदीर यांची दाटी जवळच्या मुख्य भूमीच्या १० ते १०० पट झालेली आढळली, आणि तिथे नवी रोपं तगेनाशी झाली. म्हणजे बेटावर गुरं नाहीत म्हणून रोपं वाढतीलच असं आधीच धरून चालता येत नाही. यासाठी काठावर, त्याच मातीत आणि त्याच उतारावर, दुसरा एक हेक्टर आखावा लागतो. तो नसेल तर बेटावरच्या आकड्यांना तुलनाच उरत नाही. खर्च वाचवायला हा दुसरा चौकोन गाळणं ही आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक.

परवानगीबद्दल थोडक्यात. अभयारण्यात संशोधनासाठी शिरायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्जात "वनस्पतींचा अभ्यास" एवढंच मोघम लिहू नये. झाडाला खिळा मारणार, पट्टी लावणार, पानाफांदीचा नमुना घेणार, जमिनीत सळया ठोकणार, कोणती होडी, किती माणसं, किती वाजता परतणार, हे सगळं वेगवेगळं लिहावं. खिळ्याचा उल्लेख नसताना कोणी राखीव जंगलात झाडावर हातोडा चालवू लागला तर वनरक्षक काम थांबवतो, आणि ते त्याचं बरोबरच असतं.

मोजणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. गवत वाळून बसलेलं असतं, पाणी चढलेलं असतं आणि झाडांवर पानं असतात. मार्चमध्ये गेलात तर मोवई आणि सालई दोन्ही उघड्या उभ्या असतात. पानं असताना फरक सोपा आहे: सालईच्या पर्णिकांची कड दातेरी, मोवईची सरळ. पानं नसताना सालवरूनच ओळखावं लागतं, आणि सालईची कागदासारखी सुटणारी साल कोवळ्या झाडावर नीट दिसत नाही. महिना न बदलण्याचं दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात खोडातलं पाणी कमी होऊन घेर थोडा आकसतो. कोरड्या जंगलात कितीतरी झाडांचा घेर वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो. पहिली फेरी डिसेंबरात आणि दुसरी एप्रिलमध्ये केली तर वाढणारी झाडंही कागदावर बारीक झालेली दिसतात.

आता आखणी. एक हेक्टर म्हणजे १०० बाय १०० मीटर. त्याचे २० बाय २० चे २५ चौकोन पडतात. जीपीएसचा उपयोग कोपरा पुन्हा शोधण्यापुरता. झाडीखाली ते पाच-दहा मीटर सहज चुकतं, त्यामुळे त्याच्यावर चौकोन आखता येत नाही. आखणी होकायंत्र आणि फितीने होते. होकायंत्र वाचणाऱ्याने हातोडा, सळयांचा भारा आणि मोबाइल दूर ठेवावा, सुई त्यांच्याकडे वळते. प्रत्येक चौकोन झाला की कर्ण मोजायचा. तो २८.२८ मीटर यायला हवा. वीस सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तो चौकोन पुन्हा आखावा, पुढे ढकलू नये, कारण चूक पुढच्या प्रत्येक चौकोनात वाढत जाते.

उतारावरची चूक सगळेच करतात. अंतर आडवं मोजायचं असतं, जमिनीला चिकटून नाही. १५ अंशांच्या उतारावर फीत जमिनीवर टेकवून २० मीटर मोजले तर प्रत्यक्षात आडवं अंतर १९.३२ मीटरच भरतं. शंभर मीटरमागे जवळपास साडेतीन मीटर गेले, आणि तेवढ्या पट्टीतली झाडंही गेली. उपाय जुनाच आहे. फीत पाच-पाच मीटरच्या पायऱ्यांनी आडवी धरायची आणि टोकाला गवंड्याचा ओळंबा सोडायचा.

कोपऱ्यांना लाकडी खुंट्या ठोकू नयेत, वाळवी दोन पावसाळ्यांत खाते. प्लास्टिकचा पाइप वणव्यात वितळतो. आम्ही १२ मिमीची, दोन फुटांची सळई वापरतो आणि दीड फूट आत घालतो. मुरमात ती जाते. खाली खडक लागला तर भोवती दगड रचून सिमेंटने बसवतो. आखणीची दोरी काम संपताच शेवटच्या गाठीपर्यंत गोळा करून परत आणायची, चितळाच्या शिंगात अडकते.

घेर मोजण्यावर सगळी इमारत उभी आहे, म्हणून यावर जरा रेंगाळतो. पहिला प्रश्न उंचीचा. आंतरराष्ट्रीय चौकोनांत खोड १.३ मीटरवर मोजतात. आपल्या वनखात्याची जुनी पद्धत साडेचार फुटांची, म्हणजे १.३७ मीटरची. सात सेंमीचा फरक क्षुल्लक वाटतो, पण खोड वर निमुळतं होत जातं आणि आपण शोधत असतो ती वाढ मिलिमीटरची. दोन फेऱ्या दोन उंचींवर झाल्या तर पाच वर्षांची मेहनत वाया. एकच उंची ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आमची १.३ मीटर आहे. त्यासाठी बरोबर १३० सेंमीची काठी कापून घेतली, रोज सकाळी ती फितीला लावून बघायची आणि मग होडीत बसायचं.

बुंध्याजवळचा पालापाचोळा हाताने बाजूला करून काठी मातीवर टेकवावी, मातीत रोवू नये. उतारावर ती झाडाच्या वरच्या बाजूला लावावी. झुकलेल्या झाडाला ज्या बाजूला झाड झुकलं आहे त्या बाजूने, खोडाला समांतर. खोड १.३ मीटरच्या खालीच दुभंगलं असेल तर प्रत्येक फाटा वेगळा मोजावा, पण झाडाचा क्रमांक एकच राहतो. साग आणि पळस तोडल्यावर बुडातून फुटतात, त्यामुळे धरणाआधी तोड झालेल्या टेकडीवर अशी बहुखोडी झाडं पुष्कळ सापडतात. नेमकं मोजायच्या जागी गाठ किंवा फुगवटा आला तर वर सरकावं, खोड गुळगुळीत होईल तिथे मोजावं आणि ती उंची वहीत लिहावी. ती लिहिली नाही तर पुढचा माणूस १.३ वर फुगवटाच मोजेल आणि झाड एकदम जाड झाल्याचं दिसेल. माहूलवेल खोडाला आवळून बसलेली असते. ती तोडू नये. हाताने थोडी सैल करून तिच्याखालून फीत सरकवावी.

फीत शिंप्याची नको, कापड ताणलं जातं. फायबरग्लासची घ्यावी आणि ती वर्षातून एकदा पोलादी फितीशी ताडून बघावी. काही फितींचा शून्य कडीच्या टोकापासून सुरू होतो, काहींचा कडीनंतर. पहिल्याच दिवशी सगळ्यांना हे दाखवून द्यावं. १० सेंमी घेरापासूनचं, म्हणजे ३.१८ सेंमी व्यासापासूनचं, प्रत्येक झाड आम्ही मोजतो. त्याहून बारीक रोपं प्रत्येक चौकोनाच्या एका कोपऱ्यात ५ बाय ५ मीटरात. मोजल्या जागी पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढावी. ऐनाच्या भेगाळ सालीवर ती टिकते, सालई किंवा कुलूच्या सालीबरोबर गळून पडते. म्हणून रेघेवर विसंबू नये, क्रमांकाची पट्टी लावलेल्या खिळ्यापासूनचं अंतर लिहावं.

खिळा ॲल्युमिनियमचाच. लोखंड गंजतं आणि खोडात डाग धरतं. मोजायच्या जागेच्या बरोबर ३० सेंमी वर तो मारायचा, कारण जखमेभोवती खोड फुगतं आणि तो फुगवटा फितीखाली यायला नको. सात सेंमीच्या खिळ्याचा तीनच सेंमी भाग आत जावा. डोकं किंचित खाली झुकलेलं ठेवलं की क्रमांकाची पट्टी घसरून डोक्याशी लटकते आणि खोडापासून दूर राहते. पूर्ण ठोकलेल्या खिळ्यावरची पट्टी वाढणारं झाड गिळून टाकतं. चकाकी घालवायला पट्ट्या आधीच वाळूने घासाव्यात, नाहीतर वानरांच्या पिल्लांना त्या ओढायचा मोह होतो. १६ सेंमीपेक्षा कमी घेराच्या झाडाला खिळा मारू नये, तारेची मोठी, सैल कडी घालावी. घट्ट कडीने झाडाचा गळा आवळला जातो.

चौघांची टोळी पुरते: एक काठी आणि सफाईला, एक फितीला, एक पट्टीला, एक वहीला. घेर ओरडून सांगायचा आणि वहीवाल्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. मराठी आकड्यांत त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर वाऱ्यात सारखे ऐकू येतात. त्यापेक्षा "सहा, तीन, दशांश, चार" असं सुटं म्हणावं. ही सवय लावली तेव्हापासून संध्याकाळच्या तपासणीत निघणाऱ्या चुका पुष्कळ कमी झाल्या.

झाडाचं नाव आधी गावच्या भाषेत लिहावं: येन (म्हणजे ऐन), बिजा, धावडा, तेंदू, चार. डोंगा चालवणारे ढीवर काका आणि सोबत येणारी गोंड मंडळी सालवरून, वासावरून नाव सांगतात, आणि ते बहुधा बरोबर असतं. अडचण येते ती एकाच नावाखाली दोन झाडं असतात तेव्हा. कुडा म्हटला की पांढरा की काळा, हे शेंगेशिवाय ठरवू नये. येनाची खात्री करायची तर पान उलटं करावं, देठाजवळ मध्यशिरेवर दोन ग्रंथी असतात. शंका असलेल्या झाडापुढे प्रश्नचिन्ह करावं. अंदाजाने लिहिलेलं शास्त्रीय नाव पुढे कोणी तपासत नाही.

बिया कुठून येतात हे पाहायला जाळीचे सापळे लावले. ७०.७ सेंमी बाजूचा चौकोन म्हणजे बरोबर अर्धा चौरस मीटर. त्यावर १ मिमीच्या छिद्रांची नायलॉन जाळी पिशवीसारखी लोंबती, चार पायांवर, जमिनीपासून ७५ सेंमी उंच. ताणून बसवली तर बी आपटून बाहेर उडते. आठवड्याला रिकामी करावी, पावसाळ्यात तीन-चार दिवसांनी, नाहीतर बुरशी येते. पायांना ग्रीसचा पट्टा लावला नाही तर मुंग्या बारीक बिया उचलून नेतात आणि वही सांगते की काही पडलंच नाही.

सुरयांच्या टोकावर मात्र वेगळा नियम चालतो. तिथे कमीत कमी जायचं. मार्च ते मे या काळात त्या उघड्या खडकावर-वाळूवर दोन-तीन अंडी घालतात, घरटं असं काही नसतंच. पक्षी उठला की अंड्यावर थेट ऊन येतं, आणि विदर्भातलं एप्रिलचं ऊन पक्षी परत यायची वाट पाहत नाही. मोजणी होडीतून, दुर्बिणीने, दुरून करावी. उतरायचंच असेल तर सकाळी आठच्या आत आणि दहा मिनिटांत बाहेर. घरट्याशेजारी झेंडी किंवा काठी रोवू नये, कावळे खुणेवर येतात. त्याऐवजी खडकांचं रेखाचित्र काढून त्यावर ठिपके मारावेत. इथेही पुन्हा पाणीपातळी आडवी येते. उन्हाळी धानाला पाणी सोडलं की पातळी उतरते, गळा उघडा पडतो आणि कुत्री, कोल्हे चालत येतात. वरच्या धरणातून पाणी सोडलं तर रात्रीत पातळी चढते आणि अंडी बुडतात. दोन्ही वेळा रिकामं टोकच दिसतं, म्हणून त्या आठवड्याची पातळी सोबत लिहिल्याशिवाय "घरटी अयशस्वी" असं लिहू नये.

बेटावर आपण काय नेतो, याची काळजी मोजणीइतकीच कडक हवी. आइसलँडजवळचं सर्टसी बेट १९६३ साली ज्वालामुखीतून समुद्रावर आलं आणि १९६५ पासून फक्त संशोधकांसाठी राखलं गेलं. तिथेही एकदा टोमॅटोचं रोप उगवलेलं सापडलं. ते माणसाच्या विष्ठेतून आलेलं होतं, ते काढून टाकावं लागलं. आमच्या डोंग्यात बोरं, चिंच, टमाटर, पेरू चढत नाहीत. भाकर, झुणका, कांदा चालतो. शौचासाठी झाकणाची बादली असते आणि ती परत येते. काठावरच बूट घासून, मोजे उलटे करून कुसळं, गोखरू, रानतुळशीचं बी काढून टाकायचं. पिशव्यांच्या शिवणी आणि पँटच्या दुमडी आधी बघाव्यात, बहुतेक बी तिथेच लपतं. धान्याचं पोतं डोंग्यात ठेवू नये. थायलंडच्या चिउ लार्न जलाशयाच्या छोट्या बेटांवर २५ वर्षांत मूळचे छोटे सस्तन प्राणी जवळपास सगळे संपले आणि बाहेरून आलेला उंदीर तिथे पसरला. आपल्याकडे उंदराला पोहायचीही गरज नाही, पोत्यात बसून तो बेटावर पोहोचतो.

जीवरक्षक जाकीट प्रत्येकाला. दुपारी वारा सुटला की डोंगा हलतो, म्हणून परतीचा प्रवास अकराच्या आत किंवा वारा पडल्यावर. आग्या मोहोळ असलेलं झाड मोजू नये. वहीत "मोहोळ" लिहून पुढे जावं आणि ते उठल्यावर परत यावं.

वही पेन्सिलीने लिहावी, पेनची शाई ओल्याने पसरते. संध्याकाळी प्रत्येक पानाचा फोटो काढायचा आणि त्याच रात्री आकडे संगणकात चढवायचे. दुसऱ्या फेरीत झाड दिसलं नाही तर लगेच "मेलं" लिहू नये. मेलेलं, पट्टी हरवलेलं आणि न सापडलेलं या तीन वेगळ्या नोंदी आहेत. मेलेल्याचा पुरावा हवा: वाळलेलं खोड, खड्डा, नाहीतर पालापाचोळ्यात पडलेली पट्टी. मागच्या फेरीपेक्षा घेर कमी आला तर आकडा सुधारू नये. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा मोजावा आणि दोन्ही आकडे तारखेसह ठेवावेत. मेलेल्या झाडाचा क्रमांक नव्या झाडाला कधीच देऊ नये.

सगळ्या कागदांच्या तीन प्रती असतात. एक वनपरिक्षेत्र कार्यालयात, एक काठावरच्या गावात, एक आमच्याकडे. गावातल्या प्रतीच्या पेटीत चौकोनाचा नकाशा, गळ्याच्या सळईची पातळी आणि ती १३० सेंमीची काठी ठेवली आहे. बांबूला भुंगा लागतो, म्हणून मागच्या फेरीपासून ॲल्युमिनियमच्या पट्टीची दुसरी काठी करून तीही पेटीत टाकली.